थांबलेल्या हृदयाचा हिशेब

(दिघी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयरोगावर बोलायला सहसा डॉक्टरांना बोलावतात. मी डॉक्टर नाही, परफ्युजनिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये हार्ट-लंग मशीन चालवणं हे माझं काम. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, भूलतज्ज्ञाचं नाव निदान बिलावर वाचतात. आमची मात्र भेटच होत नाही. आज सर्जनऐवजी मला बोलवावंसं वाटलं, याबद्दल संयोजकांचे आभार. त्यांनी विषय देताना एक सूचनाही केली होती: लोकांना घाबरवू नका. ती सूचना मी पाळणार नाही. ऑपरेशनआधी नातेवाईक हेच सांगतात, ‘पेशंटला काही सांगू नका, तो घाबरेल,’ आणि संमतिपत्रावर न वाचता सही करतात. माझं आजचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. धोका मांडला, मोजला आणि मोठ्याने बोलला, तरच तो कमी होतो.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, ते सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली बरीच मंडळी आज समोर आहेत. तुम्हाला गेज, टॉलरन्स, रिजेक्शन हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, तेव्हा मी थोडं तांत्रिक बोललो तर सांभाळून घ्याल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘बायपास झाली’ असं आपण म्हणतो ते हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्यांना जोडरस्ता देण्याचं ऑपरेशन. ते मशीनवरही होतं आणि मशीनशिवायही. मी बोलणार आहे ते रक्ताभिसरण यंत्रावर घेऊन, हृदय थांबवून केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल. झडप बदलणं, जन्मजात छिद्र बुजवणं, महाधमनीचा फुगवटा दुरुस्त करणं, ही कामं बहुधा अशीच होतात.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यात घातलेल्या नळीतून अशुद्ध रक्त उताराने आमच्या टाकीत येतं. तिथून पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. त्यात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. तिथेच रक्त थंड किंवा गरम करण्याची सोय असते. मग गाळणीतून जाऊन ते महाधमनीत परत जातं. साधारण बांध्याच्या माणसासाठी मिनिटाला चार लिटरच्या आसपास. हृदय आणि फुप्फुसं तेवढा वेळ सुटीवर.

अडचण अशी की रक्ताला प्लॅस्टिक मानवत नाही. शिरेबाहेर पडलं की ते गोठायला लागतं. म्हणून आधी किलोला ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन द्यावं लागतं. मग थोडं रक्त काढून ते किती सेकंदांत गोठतं ते बघायचं. त्याला आम्ही एसीटी म्हणतो. निरोगी माणसात तो आकडा सव्वाशेच्या आसपास असतो. पंपावर जाण्यासाठी बहुतेक ठिकाणी ४८० च्या वर लागतो. थिएटरमध्ये त्या वेळी होणारं बोलणं ऐकवतो.

‘एसीटी किती?’

‘पाचशे बारा.’

‘पाचशे बारा. लाइन्स क्लिअर?’

‘क्लिअर. हवा नाही.’

‘ऑन बायपास.’ म्हणजे यंत्र सुरू.

आकडा दोनदा उच्चारला जातो, कारण एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याने ऐकला हे तिसऱ्याला कळलं पाहिजे. हे न विचारता कुणी पंप सुरू केला, तर ऑक्सिजनेटर गोठून माणूस टेबलावर जाऊ शकतो. पुढे महाधमनीला क्लॅम्प लागतो, पोटॅशियम असलेलं थंड द्रावण हृदयात सोडलं जातं आणि मॉनिटरवरची रेघ सरळ होते. त्या क्षणापासून मी मिनिटं मोजतो आणि मोठ्याने सांगतो. सर्जनचं लक्ष टाक्यावर असतं, म्हणून घड्याळ माझ्याकडे.

शेवटी हृदय पुन्हा धडधडू लागलं की हेपॅरिनचा परिणाम उतरवायला प्रोटॅमिन देतात. हे औषध मूळचं सामन माशापासून मिळवलेलं. काहींना त्याने रक्तदाब कोसळण्याइतकी रिॲक्शन येते, म्हणून ते सावकाश द्यायचं. आणि भूलतज्ज्ञाने ते सुरू करताना ‘प्रोटॅमिन चालू’ असं सांगितलंच पाहिजे, कारण त्यानंतर जखमेतलं रक्त शोषून टाकीत घेणारी सक्शन मला बंद करावी लागते. नाही केली, तर प्रोटॅमिन टाकीत येतं, टाकी गोठते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पंपावर जायची वेळ आली तर पंपच नसतो. दोन शब्द न उच्चारल्याने जीव जाऊ शकतो, अशी ही जागा आहे.

हे यंत्र आलं कुठून? अमेरिकेत जॉन गिबन या सर्जनने पत्नी मेरीच्या मदतीने वीसेक वर्षं यावर काम केलं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्यांनी यंत्रावर बुजवलं. ती २६ मिनिटं पूर्णपणे यंत्रावर होती आणि बरी झाली. त्यानंतरचे रुग्ण मात्र वाचले नाहीत, आणि गिबन यांनी हे काम थांबवलं. पुढच्या वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळीच वाट काढली: शेजारच्या टेबलावर आई किंवा वडील झोपवायचे आणि त्यांच्याच हृदय-फुप्फुसांवर मुलाचं रक्त फिरवायचं. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव धोक्यात. अशा ४५ रुग्णांपैकी २८ घरी गेले. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबनचं यंत्र सुधारून वापरलं. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार वाचले. हे आकडे त्यांनी लपवले नाहीत, छापले. म्हणून पुढच्याला कळलं की कुठे काय चुकतंय.

आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोर आणि मुंबईत यंत्रावरच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पुढे ज्यांच्यामुळे मराठी घराघरांत हृदयशस्त्रक्रिया पोचली ते डॉ. नीतू मांडके. १९९६ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर त्यांनी बायपास केली. हजारो हृदयं दुरुस्त करणारा हा माणूस २००३ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतः हृदयविकाराने गेला.

आता आजचा हिशेब. चांगल्या केंद्रात, ठरवून केलेल्या साध्या बायपासमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरात एक ते तीन असतं. झडपेच्या ऑपरेशनला ते थोडं वाढतं. तातडीचं ऑपरेशन असेल, दुसऱ्यांदा छाती उघडायची असेल, किडनी आधीच बिघडलेली असेल, तर अनेक पटींनी वाढतं. शंभरातल्या एक-दोघांना अर्धांगाचा झटका येतो. महाधमनीला हात लावताना तिथला चुना सुटून मेंदूकडे जाणं हे त्याचं मोठं कारण. रक्तस्रावासाठी दोन ते पाच जणांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. हृदयाचे ठोके अनियमित होणं इतकं सर्रास आहे की तीन-चार रुग्णांमागे एकाला होतं. बहुधा ते औषधाने आटोक्यात येतं. मधुमेह्यांत छातीच्या हाडाचा जंतुसंसर्ग हा वेगळा शत्रू.

आणि एक तक्रार घरी गेल्यावर ऐकू येते: ‘ऑपरेशनपासून बाबा विसरायला लागलेत.’ अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बायपासनंतर घरी जाताना ५३ टक्के रुग्णांच्या चाचण्यांत घसरण दिसली होती. सहा महिन्यांनी ती २४ टक्क्यांवर आली आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्क्यांवर गेली. पंपावर खापर फुटलं. नंतर ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना झाली, तेव्हा तेही तितकेच विसरत असल्याचं दिसलं. वय, रक्तदाब, मधुमेह यांनीच मेंदू झिजलेला होता. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांचा गोंधळ खरा, पण पुढच्या साऱ्या विसरण्याचा दोष मशीनवर टाकता येत नाही.

मग मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर का करू नये? भारतात बायपासच्या निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया तशाच होतात. २००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांनी धडधडत्या हृदयावरच केली. पण १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहणारा कॉरोनरी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात पाच वर्षांनंतर मृत्यू, हृदयविकाराचा झटका, अर्धांग यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मशीनशिवाय केल्यास रक्त कमी लागलं, किडनीला सुरुवातीला कमी त्रास झाला. उलट काहींना रक्तवाहिनीवर पुन्हा उपचार लवकर करावे लागले. तेव्हा ‘मशीन नाही म्हणजे धोका नाही’ ही जाहिरात आहे. तुमचा सर्जन कोणत्या पद्धतीत मुरलेला आहे, हे जास्त महत्त्वाचं.

धोका कुठे दडून बसतो याचं एक उदाहरण तुमच्यातल्या मेंटेनन्सवाल्यांना लगेच पटेल. रक्त थंड-गरम करायला मशीनशेजारी पाण्याची टाकी असलेला हीटर-कूलर असतो. हे पाणी रक्ताला कधीच लागत नाही, म्हणून कुणाला त्याची भीती नव्हती. २०१५ च्या सुमारास युरोपात लक्षात आलं की काही रुग्णांना ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी, काहींना वर्षांनी, मायकोबॅक्टेरियम कायमेरा या जंतूचा संसर्ग होतोय. जंतू त्या टाकीत वाढत होता आणि तिच्या पंख्याच्या झोताबरोबर हवेतून उघड्या छातीवर जात होता. रक्ताची बाजू सगळे तपासत होते. हीटर-कूलरच्या पाण्याचं वेळापत्रक कुणी विचारत नव्हतं. आता ते पाणी बदलणं, टाकी निर्जंतुक करणं आणि पंख्याचं तोंड रुग्णापासून दूर ठेवणं हा नियम झाला आहे.

माझ्या मशीनला पातळी कमी झाल्याची घंटा आहे, हवेचा बुडबुडा ओळखणारा सेन्सर आहे, दाबाचा गजर आहे, बॅटरी आहे. आणि या सगळ्यांच्या शेजारी एक साधा लोखंडी हँडल टांगलेला असतो. वीज गेली, बॅटरी संपली, तर तो पंपाला लावून हाताने फिरवायचा. ऑपरेशनआधीच्या माझ्या यादीत ‘हँडल जागेवर’ ही ओळ असते. ती वाचताना नवी मुलं हसतात. मी त्यांना हँडल लावून पाच मिनिटं फिरवायला लावतो. एका मिनिटाला किती फेरे घातले की चार लिटर होतात, हे हाताला आधीच माहीत असावं लागतं.

मात्र आजकाल मशीन क्वचितच दगा देतं. जास्त करून माणसांच्या मधल्या जागेत काहीतरी निसटतं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात ऑपरेशन झालेलं बाळ थिएटरमधून आयसीयूत नेताना गोंधळ व्हायचा: दहा जण एकदम बोलतात, वायरी गुंततात, औषधाचा डोस सांगायचा राहतो. तिथल्या डॉक्टरांनी टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली. गाडी पिटमध्ये आली की तेव्हा सातेक सेकंदांत चार चाकं बदलली जायची, आणि कुणी ओरडायचं नाही. ते थेट फेरारीच्या लोकांकडे गेले. कोण कुठे उभा राहणार, आधी यंत्रं जोडायची आणि मगच बोलायचं, कुणाच्या हातात सूत्रं, हे सगळं ठरवून घेतलं. २००७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार हस्तांतरातल्या तांत्रिक चुका चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या आणि सांगायची राहून जाणारी माहिती निम्म्यावर आली. ज्या पट्ट्यात गाड्या तयार होतात त्या पट्ट्यात हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

त्याच रुग्णालयातले सर्जन मार्क द लव्हाल यांची गोष्ट याहून धीराची. नवजात बाळांच्या एका अवघड शस्त्रक्रियेत त्यांच्या पहिल्या ५२ बाळांत एकच मृत्यू झाला होता. पुढच्या १६ बाळांत सात गेली. ‘केसेस वाईट होत्या’ असं म्हणून ते सुटू शकले असते. त्यांनी कारखान्यात दर्जा राखायला वापरतात तसा नियंत्रण-आलेख आपल्याच निकालांचा काढला. रेघ मर्यादेबाहेर गेलेली दिसली. मग ते दुसऱ्या केंद्रातल्या सहकाऱ्याकडे जाऊन ती शस्त्रक्रिया पुन्हा शिकले, आणि १९९४ मध्ये हे सगळं नावानिशी छापलं. त्याच काळात ब्रिस्टलच्या रुग्णालयात मुलं जास्त मरत असल्याचं स्टीफन बोल्सिन हा भूलतज्ज्ञ सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. २००१ च्या चौकशी अहवालाने १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालच्या ३० ते ३५ मुलांचे जादा मृत्यू झाल्याचं म्हटलं. एकीकडे मोजलं, दुसरीकडे मोजणाऱ्यालाच गप्प केलं.

न्यूयॉर्क राज्य १९८९ पासून बायपासचे निकाल गोळा करून जाहीर करतं. यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही: आकडे जाहीर होणार म्हटल्यावर सर्जन अवघड रुग्ण टाळतील. म्हणून रुग्ण किती अवघड होता हेही मोजावं लागतं. त्यासाठी युरोस्कोरसारखी गणितं १९९९ पासून उपलब्ध आहेत. वय, किडनी, हृदयाची ताकद, तातडी असे मुद्दे भरले की अपेक्षित धोका निघतो. अपेक्षेपेक्षा निकाल बरा की वाईट, हे मग ठरवता येतं. आपल्याकडे रुग्णालयनिहाय निकाल जाहीर करण्याची सक्ती नाही.

कागद-पेन्सिलीची ताकदही लहान समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची तपासणी यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल आले: मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर. एक औषध नवं नाही, एक यंत्र नवं नाही.

आणि सगळ्यात सुरक्षित ऑपरेशन म्हणजे करावंच न लागलेलं. इथून काही किलोमीटरवर, पिंपरीत, १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साह्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आपल्या भाषेत ‘एचए’. तिथे पेनिसिलीन बनायचं. लहानपणी घसा सुजतो, सांधे दुखतात, आणि तोच संधिवाताचा ताप वर्षानुवर्षं हृदयाची झडप आखडवत नेतो. तिशीतली बाई झडप बदलायला आमच्या टेबलावर येते, तेव्हा त्यामागे बहुधा हीच कथा असते. असा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन अनेक वर्षं देत राहिलं, तर झडप बरीचशी वाचते. इंजेक्शन दुखतं म्हणून आईबाप बंद करतात. ते बंद करू नका.

ऑपरेशन ठरलंच, तर सही करण्याआधी हे विचारा. हेच ऑपरेशन का, आत्ताच का, आणि दुसरा कोणता मार्ग आहे? माझा धोका आकड्यात किती? ही टीम वर्षाला अशी किती ऑपरेशनं करते, आणि गेल्या वर्षी किती रुग्ण घरी गेले? मशीन कोण चालवणार, तो प्रशिक्षित आहे का? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात परफ्युजनिस्ट आता नोंदलेला आहे, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणा नाही. तुमच्या बाजूचंही काम आहे: साखर आटोक्यात आणा, तंबाखू, विडी आणि मिश्री सोडा, झडप बदलायची असेल तर आधी दात दाखवून घ्या, रक्त पातळ करणारी औषधं आणि वैद्यांचे काढे, सगळं डॉक्टरांना सांगा. धातूची झडप बसली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआरची तपासणी जन्मभराची.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कामगार विमा आहे, माजी सैनिकांना ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. दिघीत ती अनेक घरांत आहेच. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडी-शाळेतूनच तपासणी करतो. पण पैसे कोण देणार हे विचारताना आपण माल कसा आहे हे विचारायचं विसरतो.

आणि इथेच मला या पट्ट्याकडून काही मागायचं आहे. चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कंपन्या एक बोल्ट घेताना व्हेंडरचं ऑडिट करतात. दहा लाख नगांमागे किती रिजेक्ट झाले याचा आकडा मागतात, आणि तो वाढला तर व्हेंडर बदलतात. त्याच कंपन्या हजारो कामगारांचा ग्रुप मेडिक्लेम काढून रुग्णालयांशी करार करतात, तेव्हा खोलीचं भाडं आणि सवलतीची टक्केवारी बघतात. हृदयशस्त्रक्रियेचा मृत्युदर किती, तो रुग्णांच्या अवघडपणाशी ताडला आहे का, जंतुसंसर्ग किती, हे विचारलं जात नाही. एकटा रुग्ण हे विचारायला कचरतो, पण कंपनीने विचारलं तर रुग्णालयाला उत्तर द्यावंच लागेल. युनियनचे पदाधिकारी, एचआरची मंडळी, निवृत्त कामगारांच्या संघटना आज इथे आहेत. ग्रुप मेडिक्लेमचं नूतनीकरण दरवर्षी होतं. पुढच्या बैठकीत हा प्रश्न लेखी मांडा, आणि लेखीच उत्तर मागा. पहिल्या वर्षी टोलवाटोलवी होईल. दुसऱ्या वर्षी कुणीतरी एक रुग्णालय आकडा देईल, आणि मग बाकीच्यांना द्यावाच लागेल.